करारबद्ध मजूर-स्थलांतर, मुंबई इलाख्यातील

ठराविक मुदतीच्या लेखी कराराने बांधून घेऊन भारतीय मजुरांना समुद्रापलीकडील वसाहतींतील मळ्यांवर पाठविण्याची जी पद्धत एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश साम्राज्यात रूढ झाली, तिचा मुंबई बंदराशी व मराठी मुलखाशी संबंधित असलेला भाग. ‘अ‍ॅग्रिमेंट’ या इंग्रजी शब्दाचा मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ असा अपभ्रंश झाला आणि करारावर गेलेला तो ‘गिरमिटिया’ ठरला. १८३४ पासून ही पद्धत बंद पडेपर्यंत मॉरिशसला सु. साडेचार लाख, ब्रिटिश गियानाला सु. २ लाख ३९ हजार, नाताळला सु. १ लाख ५२ हजार, त्रिनिदादला सु. १ लाख ४४ हजार व फिजीला सु. ६१ हजार भारतीय मजूर नेण्यात आले. त्यांतील बहुसंख्य कलकत्ता व मद्रास या बंदरांतून गेले. मुंबईचा वाटा अल्प होता आणि तो मुख्यतः मॉरिशसपुरताच होता. असे असले, तरी दोन कारणांनी हा भाग स्वतंत्रपणे पाहण्याजोगा आहे. मॉरिशसमधील मराठी समाज या स्थलांतरातून निर्माण झाला. आणि ही पद्धत मुळातूनच बंद करावी, अशी मागणी मध्यवर्ती विधिमंडळात प्रथम मांडली, ती पुण्याच्या एका कार्यकर्त्याने.

पार्श्वभूमी : मॉरिशस हे बेट ब्रिटिशांनी १८१० मध्ये फ्रेंचांकडून जिंकून घेतले. तेथील साखरेवर इंग्लंडमध्ये आकारण्यात येणारा जादा आयातकर १८२५ मध्ये रद्द होऊन ती वेस्ट इंडीजच्या साखरेच्या बरोबरीस आली, तेव्हापासून बेटावरील उसाची लागवड झपाट्याने वाढू लागली. ही लागवड सर्वस्वी गुलामांच्या श्रमावर अवलंबून होती. गुलामगिरी नष्ट करणारा १८३३ चा कायदा मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी १८३५ पासून अंमलात आला. तेथील सु. ६६ हजार गुलामांच्या मालकांना वीस लाख पौंडांहून अधिक नुकसानभरपाई मिळाली. मुक्त झालेल्यांना काहीच मिळाले नाही. उलट ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्यांना आणखी काही वर्षे त्याच मालकांकडे राबावे लागले. उमेदवारी संपताच त्यांतील बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरविली. भरपाईच्या रूपाने हाती आलेले भांडवल आणि ओस पडू पाहणारे मळे अशा स्थितीत मळेवाल्यांचे लक्ष भारताकडे वळणे स्वाभाविक होते.

भारतीय श्रमाची त्यांना ओळखही होती. १८१५ पासून बंगालमधील आणि पुढे मुंबई इलाख्यातीलही जन्मठेपेचे कैदी मॉरिशसला पाठविले जात. १८३७ पर्यंत अशा सु. दीड हजार कैद्यांनी बेटावरील रस्ते व पूल बांधले. १८३६ मध्ये पोर्ट लुई येथे उतरलेल्या चार्ल्स डार्विनने या कैद्यांच्या भारदस्त चेहऱ्यांची नोंद आपल्या प्रवासवृत्तात केली आहे. तेव्हा मराठी माणूस मॉरिशसला प्रथम गेला, तो मजूर म्हणून नव्हे, तर बहुधा कैदी म्हणून.

कायदेशीर चौकट : कलकत्त्याहून निघालेले ‘अ‍ॅटलस’ हे जहाज ३६ मजुरांना घेऊन २ नोव्हेंबर १८३४ रोजी पोर्ट लुईस लागले. ही पद्धतशीर स्थलांतराची सुरुवात मानली जाते. प्रारंभीची भरती खाजगी पेढ्यांमार्फत होई व तिच्यावर सरकारचे नियंत्रण जवळजवळ नव्हते. १८३७ च्या कायद्यांनी मजुरास अधिकाऱ्यासमोर उभे करून करार समजावून सांगण्याची अट घातली. तथापि फसवणुकीच्या व जहाजांवरील हालांच्या तक्रारी वाढल्या. ही गुलामगिरीचीच नवी आवृत्ती होय, असा आक्षेप इंग्लंडमधील गुलामगिरीविरोधी मंडळींनी घेतला. परिणामी १८३९ मध्ये मजुरांच्या परदेशगमनावर बंदी आली.

ही बंदी फार टिकली नाही. मळेवाल्यांच्या दडपणामुळे १८४२ च्या पंधराव्या कायद्यान्वये मॉरिशसचा मार्ग पुन्हा खुला झाला आणि कलकत्ता, मद्रास व मुंबई ही तीन बंदरे त्यासाठी नेमण्यात आली. १८४३ या एका वर्षात मॉरिशसमध्ये ३०,२१८ पुरुष व ४,३०७ स्त्रिया उतरल्या. एवढा लोंढा आवरणे अधिकाऱ्यांना अशक्य झाले. म्हणून १८४४ च्या आरंभापासून मद्रास व मुंबई ही बंदरे बंद करून सर्व भरती कलकत्त्यावर केंद्रित करण्यात आली. पुढे मद्रास व त्यामागून १८५० च्या दशकात मुंबई पुन्हा खुली झाली. मुंबईच्या वाट्यास आलेली भरतीची वर्षे अशी तुटक आहेत, हे तिचा वाटा अल्प राहण्याचे एक कारण होय.

भरतीची यंत्रणा : १८४२ नंतर भरतीचे काम नावापुरते तरी सरकारी झाले. प्रत्येक बंदरात वसाहतीच्या सरकारने आपला एक प्रतिनिधी नेमला. त्याचा खर्च वसाहतीकडून, म्हणजे अखेरीस मळेवाल्यांच्या गरजेतून, भागे. त्याच्यावर लक्ष ठेवण्यासाठी भारत सरकारने स्थलांतरितांचा संरक्षक हा अधिकारी नेमला. प्रतिनिधीच्या हाताखाली परवानाधारक भरतीदार आणि त्यांच्या हाताखाली बिनपरवान्याचे दलाल अशी उतरंड होती. उत्तर भारतात या दलालास ‘अरकाटी’ म्हणत. मराठी मुलखात मजुरांची टोळी जमविणाऱ्यास मुकादम हा शब्द रूढ होता व आजही आहे. मॉरिशसहून परतलेल्या मजुरांनाच मळेवाले पुन्हा गावाकडे पाठवीत, हा भरतीचा आणखी एक आणि बराच परिणामकारक मार्ग होता. अनोळखी दलालापेक्षा गाठीला चार पैसे बांधून परतलेल्या भावकीतील माणसाच्या शब्दावर विश्वास अधिक बसे. एकाच गावचे वा नात्यातले लोक एकाच मळ्यावर आढळतात, त्याचे कारण हेच.

या यंत्रणेचा कणा माणशी मिळणारी दलाली हा होता. भरतीदाराला पगार नव्हता. मजूर जहाजावर चढला, तरच त्याची मेहनत फळाला येई. वैद्यकीय तपासणीत नापास झालेला किंवा ऐन वेळी माघार घेणारा माणूस म्हणजे त्याचा तोटा. त्यामुळे अंतर, काम व मुदत यांविषयी खरे सांगण्यात कोणाचाच लाभ नव्हता. बंदरावरील डेपोत मजुराला काही दिवस ठेवीत. तेथे त्याला अन्न व कपडे मिळत, वैद्य त्याला तपासे आणि अधिकारी करारातील कलमे वाचून दाखवी. मजूर मान डोलावी व कागदावर निशाणी करी. कायद्याच्या दृष्टीने ही संमती निर्दोष होती. पण डेपोत खाल्लेल्या अन्नाचे व घेतलेल्या उचलीचे ओझे डोक्यावर असताना आणि गाव शेकडो मैल मागे राहिले असताना ‘नाही’ म्हणण्याची मुभा कितपत उरली होती, हा प्रश्न नियमावलीत कोठेच नाही.

मुंबईहून पोर्ट लुईस पोहोचण्यास सामान्यतः महिना वा त्याहून थोडा अधिक काळ लागे. हे अंतर कलकत्त्याहून होणाऱ्या प्रवासापेक्षा कमी असल्याने मुंबईच्या मजुरांचे जहाजावरील हाल तुलनेने कमी होत. रोगराईचा धोका मात्र सर्वच जहाजांवर असे. १८५६ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवर पटकी उद्‌भवली, तेव्हा सर्व उतारूंना गॅब्रिएल या ओसाड बेटावर उतरविण्यात आले आणि तेथे पुरेशा निवाऱ्याअभावी दोनशेहून अधिक लोक मरण पावले. स्त्रियांचे प्रमाण प्रारंभी नगण्य होते. पुढे शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया असा दंडक घालण्यात आला. हा आकडा भरला नाही, तर जहाज अडे. त्यामुळे तो भरून काढण्यासाठी भरतीदार कोणत्याही थराला जात. कुटुंबे टिकावीत म्हणून केलेल्या नियमाने अनेक एकाकी स्त्रियांना डेपोची वाट दाखविली, ही या पद्धतीतील अनेक विसंगतींपैकी एक होय.

पोर्ट लुई येथील ट्रू फॅनफरॉन या खाडीकाठी १८४९ मध्ये मजुरांचा डेपो उभारण्यात आला. तोच आज ‘आप्रवासी घाट’ या नावाने ओळखला जातो. २००६ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. येथे प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळे. त्याचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव व अंगावरील खूण यांची नोंद होई आणि मग त्याची रवानगी मळ्यावर होई.

मळ्यावरील जीवन : प्रारंभीच्या करारांत पाच वर्षांची मुदत, पुरुषास दरमहा पाच रुपये वेतन, तांदूळ, डाळ, मीठ इ. शिधा, कपडे व परतीचा मोफत प्रवास या अटी असत. १८४२ नंतर मॉरिशसमध्ये उतरल्यावर एक वर्षाचाच करार करावा, असे ठरले. पण मळेवाल्यांनी ही मुदत हळूहळू वाढवीत पुन्हा पाच वर्षांवर नेली. १८५० च्या दशकाच्या आरंभी परतीच्या मोफत प्रवासाचा हक्कही काढून घेण्यात आला. पाच रुपये ही त्या काळी कोकणातील शेतमजुराला मोठी रक्कम वाटणे साहजिक होते. ती हातात मात्र क्वचितच पूर्णपणे पडे. कारण एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचे वेतन कापण्याचा प्रघात होता. आजारी पडणाराही त्यातून सुटत नसे.

वेतनकपातीहूनही करार मोडण्याबद्दलची शिक्षा अधिक महत्त्वाची होती. मालकाने करार मोडला, तर तो दिवाणी वाद ठरे. मजुराने मोडला, तर तो फौजदारी गुन्हा होई आणि त्याला तुरुंगात जावे लागे. मळ्याबाहेर पडताना मजुराजवळ परवाना असावा लागे. मुदत संपलेल्या जुन्या मजुरांनाही १८६७ च्या कायद्याने स्वतःचे छायाचित्र लावलेले ओळखपत्र बाळगण्याची सक्ती करण्यात आली. ते जवळ नसले, तर पोलीस त्यांना ‘भटके’ म्हणून पकडीत. स्वतंत्रपणे भाजीपाला पिकवून वा फेरी करून पोट भरू पाहणाऱ्या माणसाला पुन्हा मळ्यावर आणणे, हा या कायद्याचा खरा हेतू होता. त्याच सुमारास (१८६६–६८) हिवतापाच्या साथीने बेटावर हाहाकार उडविला होता.

या जाचाविरुद्ध १८७१ मध्ये जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडे एक अर्ज केला. त्यावर ९,४०१ सह्या होत्या. तो तयार करण्यात आदोल्फ द प्लेव्हिट्झ या युरोपीय मळेवाल्याने पुढाकार घेतला. त्यासाठी त्याला स्वजातीयांचा रोष पत्करावा लागला. ब्रिटिश सरकारने १८७२ मध्ये चौकशीसाठी राजकीय आयोग नेमला. त्याच्या दोन सदस्यांपैकी विल्यम एडवर्ड फ्रिअर हे मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेत राहिलेले होते. १८७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने तक्रारी बव्हंशी खऱ्या ठरविल्या व १८७८ मध्ये मजूरविषयक कायद्यात सुधारणा झाली. शिक्षेचे मूळ तत्त्व मात्र तसेच राहिले.

मराठी मजुरांचे प्रमाण : मुंबईहून मॉरिशसला गेलेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा व कोल्हापूर या भागांतील लोक मोठ्या संख्येने होते. ‘मुंबईहून आलेला तो मराठी’ हे समीकरण मात्र काटेकोर नव्हे. या बंदरातून इतर भाषक प्रदेशांतील मजूरही चढत. मॉरिशसच्या एकूण आप्रवाशांत मुंबई बंदराचा वाटा दहा टक्क्यांपेक्षाही कमी होता आणि १८६० च्या दशकानंतर हा ओघ जवळजवळ आटला.

याचे कारण कोकण व देश सधन होते, असे नाही. घराजवळ दुसरा रोजगार उभा राहिला, हे ते कारण होय. १८५३ मध्ये मुंबई–ठाणे लोहमार्ग सुरू झाला. पाठोपाठ बोरघाटाचे काम निघाले. १८६१ च्या सुमारास त्यावर चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. १८५६ पासून मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाच्या भावामुळे मुंबईतील मजुरी अभूतपूर्व वाढली. गोदी, पलटण व गिरणी या तिन्ही ठिकाणी कोकणी माणूस आधीपासून होताच. पुणे जिल्ह्यात खडकवासल्याचा जलाशय व मुठा कालवा यांची कामे १८६८ च्या सुमारास सुरू झाली. हडपसर, लोणी काळभोर यांसारख्या गावांच्या शिवारांतून जाणाऱ्या या कालव्याने पुढे त्या परिसरातील शेतीचे रूपच पालटले. या सर्व कामांत एक सोय समान होती : पेरणीच्या वेळी अथवा घरी अडचण आल्यास परत जाता येई. गिरणीतला कोकणी कामगार शिमग्याला व गणपतीला गावी जाई. पाच वर्षांच्या करारात ही सोय नव्हती. शेतीचा तुकडा व घर यांच्याशी बांधलेल्या कुटुंबाला त्यामुळे मुंबई परवडे, मॉरिशस परवडत नसे. जे गेले, त्यांत बहुधा हा तुकडाही न उरलेल्यांची संख्या अधिक असावी.

१८७६–७८ च्या दुष्काळात या फरकाचा एक बोलका दाखला मिळतो. १८७७ च्या आरंभी सरकारने दख्खनमधील दुष्काळी कामांवरील मजुरी कमी केली, तेव्हा हजारो मजूर कामे सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. उपासमारीच्या छायेतही त्यांना काम नाकारता आले. मॉरिशसच्या मळ्यावर हेच करणाऱ्याची वाट थेट तुरुंगाकडे जाई.

रानडे आणि गोखले : महाराष्ट्रातील विचारवंतांचे या प्रश्नावरील मत एका पिढीत पूर्णतः बदलले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९३ मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेत भारतीयांच्या परदेशगमनावर एक निबंध वाचला. शेतीवरील लोकसंख्येचा भार व कारागिरांची बेकारी हे त्यांच्या अर्थविचारातील मुख्य विषय होते. त्या दृष्टीने त्यांना वसाहतींकडील स्थलांतर हा भार हलका करणारा एक इष्ट मार्ग वाटला. वसाहतींच्या अहवालांतील मजुरांची संख्या व त्यांची बचत यांचे आकडे देऊन त्यांनी या विषयाकडे सुशिक्षितांचे लक्ष वेधले. त्यांचा आधार सरकारी अहवालांचा होता, ही या निबंधाची मर्यादा होय. परतलेल्या मजुराची शिल्लक अहवालात येते. न परतलेल्याची कहाणी त्यात येत नाही. तरीही निरक्षर मजुरांचा प्रश्न पुण्यातील व्यासपीठावर आणण्याचे श्रेय रानड्यांकडे जाते.

त्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले हे रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकचे. त्यांच्यापुढे हा प्रश्न आला, तो दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांच्या लढ्याच्या रूपाने. करार संपवून नाताळमध्ये राहू इच्छिणाऱ्या मजुरावर १८९५ च्या कायद्याने तीन पौंडांचा वार्षिक कर बसविला होता. २५ फेब्रुवारी १९१० रोजी गोखल्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात नाताळकडील भरती बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारने तो मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती थांबली. त्यानंतर ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी सर्वच वसाहतींकडील करारबद्ध भरती बंद करावी, असा ठराव आणला.

त्यांचा युक्तिवाद हालअपेष्टांच्या वर्णनावर उभा नव्हता. मजूर अज्ञात देशी जातो, मालकाची निवड त्याच्या हाती नसते, ज्या कायद्याखाली राहावयाचे तो त्याला ठाऊक नसतो, वेतन ठराविक असते आणि हे सारे मोडल्यास तुरुंग, अशा कराराला करार म्हणता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. स्त्रियांच्या ठराविक प्रमाणातून उद्‌भवलेला अनाचार व मजुरांतील आत्महत्या यांकडेही त्यांनी लक्ष वेधले. ही पद्धत साऱ्या राष्ट्राच्या मानहानीस कारण होते, यावर त्यांचा विशेष भर होता. ठरावाच्या बाजूने २२ व विरुद्ध ३३ मते पडून तो फेटाळला गेला. त्याआधी दोनच वर्षे लॉर्ड सँडर्सन यांच्या समितीने ही पद्धत चालू ठेवण्यास अनुकूल अभिप्राय दिला होता, हे लक्षात घेता २२ मते थोडी नव्हेत.

पद्धतीचा शेवट गोखल्यांना पाहता आला नाही. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. मार्च १९१६ मध्ये मदनमोहन मालवीय यांनी तोच ठराव पुन्हा मांडला आणि व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी तो तत्त्वतः स्वीकारला. सी. एफ्. अँड्रूझ यांचे फिजीतील मजुरांविषयीचे निवेदन व महात्मा गांधींची चळवळ यांमुळे लोकमत प्रक्षुब्ध झाले होते. मार्च १९१७ मध्ये भारत संरक्षण कायद्याखाली भरती थांबविण्यात आली आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले करार रद्द झाले. मॉरिशसची भरती १९१० मध्येच थांबली होती.

मॉरिशसमधील मराठी समाज : मुदत संपल्यावर न परतलेल्या मराठी मजुरांची वस्ती प्रामुख्याने बेटाच्या पश्चिमेकडील ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात व व्हाक्वाच्या परिसरात झाली. कास्कावेल हे त्यांचे एक जुने गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या मळ्यांची विभागणी होऊन लहान तुकडे विक्रीस आले, तेव्हा भारतीय मजुरांनी बचतीतून ते विकत घेतले; त्यांत मराठीही होते. घरातील बोली म्हणून मराठीची जागा क्रिओलने घेतली. सर्वांत मोठा भारतीय समूह भोजपुरी भाषकांचा असल्याने त्या बोलीचाही प्रभाव पडला. गणेशोत्सव मात्र टिकला. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटी असते. कोकणातील झाकडी हा नाचगाण्याचा प्रकारही तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. १९६० मध्ये मराठी मंडळांचा महासंघ स्थापन झाला. मोका येथे १९७० मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीच्या अध्यापनाची सोय करण्यात आली.

आप्रवाशांच्या नोंदवह्या याच संस्थेत जतन केलेल्या आहेत. त्यांतील नावे इंग्रज व फ्रेंच कारकुनांनी कानाला लागली तशी लिहिली. मजुराचे किंवा त्याच्या बापाचे नाव हेच बहुधा पुढे कुळाचे आडनाव झाले. मूळ आडनाव त्यामुळे लोपले. गावाची नोंदही उच्चाराप्रमाणे बदललेली असते. आपले गाव शोधीत कोकणात वा साताऱ्याकडे येणाऱ्या वंशजांना म्हणून नावापेक्षा मजुराचा क्रमांक व जहाजाच्या आगमनाची तारीख यांचाच आधार घ्यावा लागतो.